उठू न देण्याची विद्या

क्रोध ही मानवजातीला मिळालेली आद्य ऊर्जा आहे. क्रोधाने सिंहासनं उलथवली, सीमा पुसल्या, अन्यायाला वाचा फोडली. क्रोध नसता तर माणूस आजही गुहेत बसून दुसऱ्याने टाकलेलं हाड चघळत राहिला असता. छोटीच्या क्रोधाने आजवर स्वयंपाकघरातल्या एका कपाटाचं दार निखळवलं होतं, आणि तेही आधीपासूनच एका बिजागरीवर लटकत होतं.

छोटी सत्तेचाळीस वर्षांची होती. शेंडेफळ म्हणून लहानपणी जे नाव पडलं ते तिच्या पाठीला चिकटून राहिलं. पाठ रुंद झाली, केस पांढरे झाले, वाचायचा चष्मा लागला, तरी छोटी ती छोटीच. ज्या बाईला सगळे छोटी म्हणतात तिने टेबलावर मूठ आपटली तर लोक आधी टेबलाकडे बघतात. हे तिला माहीत होतं आणि त्याचाही तिला राग होता.

वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ती काम करायची. कानाला हेडफोन, समोर पडदा, आणि ओठांवर कंपनीने शिकवलेलं वाक्य: "तुमचा त्रास मी समजू शकते." गिऱ्हाइकाला मध्येच तोडायचं नाही आणि फोन आपण होऊन ठेवायचा नाही, हे दोन नियम. त्यामुळे दिवसभर जगातली यच्चयावत भिजलेली, फेसाळलेली, गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसं तिच्या कानात आपापली वाक्यं शेवटपर्यंत पुरी करत. काही तर पुरी झालेली वाक्यं पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. एका गृहस्थांनी मशीनच्या निमित्ताने आपल्या सासूबद्दलही बरंच सांगितलं होतं. छोटीने त्यांचाही त्रास समजून घेतला होता.

आणि घरी मात्र तिला आयुष्यात एकही वाक्य पुरं करता आलं नव्हतं.

कारण तिच्या घरातले पुरुष उठून जात. मारणं, ओरडणं, भांडी फेकणं असलं काही नाही. सभ्य घर होतं. नुसते उठून जात. वडील वर्तमानपत्राची घडी घालून उठत. नवरा एकदा एका भांडणातून जो उठला तो थेट दुसऱ्या शहरात जाऊन बसला आणि तिथून त्याने वकिलामार्फत उरलेलं कळवलं. पण या विद्येतला खरा पट्टीचा कलावंत म्हणजे दादा. छोटीने तोंड उघडलं, आवाज अर्धा सूर चढला, की दादा दोन्ही तळवे दोन्ही गुडघ्यांवर आपटायचा, "चला!" म्हणायचा, आणि उभा राहायचा. मग खिशातून गाडीची किल्ली काढून बोटाभोवती फिरवायचा. त्या किल्लीचा आवाज ऐकला की छोटीच्या कानशिलातली शीर ठणठण उडायला लागायची.

भांडण आईवरून होतं. वडील गेल्यापासून आई छोटीकडे राहत होती. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, रेडिओ ऐकायची, छोटीच्या नोकरीला नावं ठेवायची. छोटी तिला डॉक्टरकडे न्यायची, तिच्या गोळ्यांच्या डब्या भरायची, तिचे पाय चेपायची. दादा रविवारी यायचा, आईच्या गालाला हात लावायचा आणि म्हणायचा, "काय म्हातारे, मजा आहे तुझी!" मग पाठ दुखते म्हणून सतरंजीवर उताणा पडायचा, कारण त्याला कुणीतरी कठीण जमिनीवर पडायला सांगितलं होतं. पडल्या पडल्या चहा मागायचा.

अशाच एका रविवारी चहा संपवून, उठून बसून तो म्हणाला, "उन्हाळा संपला की आईला तिकडे नेतो. ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

"अगं, ठरलंय म्हणजे ठरलंय. नवीन घरात खोली आहे. तुझी वहिनी पण म्हणाली."

"वहिनी म्हणाली? आणि मी कोण रे? इतकी वर्षं रात्री-अपरात्री तिला उचलून बाथरूमला कोण नेत होतं? त्या वेळी तू आणि तुझी—"

तळवे गुडघ्यांवर आपटले. "चला! गाडी वेडीवाकडी लावलीय."

"दादा, बस खाली. माझं बोलणं झालेलं नाही."

"बोलू ना नंतर. पळून चाललोय का मी?" असं म्हणून तो गेला.

उरलेलं वाक्य छोटीने खिडकीतून दिलं. ते गाडीच्या टपाने ऐकून घेतलं. आणि त्या संध्याकाळी कपाटाचं दार निखळलं.

पंधरवड्याने तिची दाढ दुखायला लागली. दवाखान्यातला दंतवैद्य एक प्रचंड, मऊ, सतत दिलगिरी व्यक्त करणारा माणूस होता. त्याने आरसा तोंडात घालून डोकावून बघितलं आणि म्हणाला, "माफ करा हं मॅडम, पण तुम्ही दात खाता."

"माहितीये," छोटी तोंडातल्या कापसामागून म्हणाली.

"झोपेत म्हणतोय मी."

"जागेपणीही."

"वरच्या मजल्यावर ज्युडोचा वर्ग असतो, प्रौढांसाठी. मी जातो. या एकदा. राग निघून जातो बघा."

"मला राग घालवायचा नाहीये," छोटी म्हणाली. पण कापूस असल्यामुळे त्याला ते 'हो, येते' असं ऐकू आलं असावं, कारण त्याने समाधानाने मान डोलावली आणि ड्रिल सुरू केलं.

ती वर गेली ती नुसती बघायला. लांबलचक हॉल, जमिनीवर हिरव्या-निळ्या जाड गाद्या, पायांचा आणि जंतुनाशकाचा मिळून एक वास. मधोमध गादीवर एक माणूस उताणा पडलेला होता. नंतर कळलं की तो अवजड ट्रक चालवायचा. त्याच्या छातीवर एक काटकुळी, साठीची बाई तिरकी बसलेली. बसलेली म्हणजे अशी, जशी एखादी बाई बाकावर बसून बसची वाट बघते. ट्रकवाला पाय झाडत होता, कंबर उचलत होता, लाल होऊन धापा टाकत होता. आणि ती बाई त्याच्याकडे न बघता बाकीच्यांना सावकाश समजावून सांगत होती. तिने एक वाक्य पुरं केलं. दुसरं पुरं केलं. तिसऱ्याच्या मध्ये थांबून ती शिंकली, रुमाल काढला, नाक पुसलं, आणि तिसरंही पुरं केलं.

तो माणूस उठू शकत नव्हता.

छोटीने त्याच दिवशी नाव नोंदवलं.

त्या बाईला सगळे मास्तरीण म्हणत. तिच्या वर्गात पहिलं अख्खं सत्र जमिनीवरच्या पकडींचं होतं. उभ्या माणसाला आडवं कसं पाडायचं हे दुसऱ्या सत्रात. "आधी आडव्याला धरून ठेवायला शिका," ती म्हणायची. "पाडून सोडून देणारे गल्लोगल्ली आहेत." पकडींची जपानी नावं ती एकदाच सांगायची आणि मग आपली ठेवलेली वापरायची. पहिली होती मफलरची पकड. समोरचा उताणा. आपण त्याच्या कुशीला टेकून बसायचं, एक हात मफलरसारखा त्याच्या मानेभोवती, दुसऱ्या हाताने त्याची बाही ओढून त्याचा दंड आपल्या काखेत बंद करायचा, पाय फाकवून लांब टाकायचे, डोकं खाली, आणि छातीचा सगळा भार त्याच्या छातीवर सोडून द्यायचा.

छोटीला जोडीला दंतवैद्य मिळाला. तिने डोळे मिटले, दादाचा चेहरा आठवला, आणि दंतवैद्याची मान अशी आवळली की त्याच्या गळ्यातून किल्लीसारखा आवाज आला. पुढच्याच क्षणी त्याने कंबर उचलली, कूस बदलली, आणि छोटी त्याच्यावरून पलीकडे जाऊन गादीवर उताणी पडली.

"माफ करा हं," दंतवैद्य वरून म्हणाला.

"काय चुकलं?" छोटीने छताला विचारलं.

छताऐवजी मास्तरीण बोलली. "चिडलात."

"मी चिडलेलीच आहे."

"मग घरी जाऊन चिडा. चिडलं की माणूस ताठ होतो. ताठ माणूस म्हणजे टेबल. टेबल उलटं करायला काय अक्कल लागते?" तिने छोटीच्या खांद्यावर बोटाने टोचलं. "हे बघा, लाकूड. सैल सोडा. ओल्या गादीसारखं व्हा. भिजलेली गादी उचललीये का कधी? ती काही जोर लावत नाही, नुसती पडून राहते. तरी दोन माणसांना उचलत नाही."

छोटी ओली गादी व्हायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते जमत नव्हतं, याचा तिला भयंकर राग येत होता. राग आला की ती टेबल व्हायची, टेबल झालं की उलटायची, उलटलं की आणखी राग. कितीतरी आठवडे ती हॉलचं छतच बघत होती. छताला एके ठिकाणी ओल आलेली होती. तिचा आकार दादाच्या नाकासारखा होता.

दुसरा एक नियम मास्तरणीने त्याहून कडकपणे घटवून घेतला होता. धरलेल्या माणसाने दोन थापा मारल्या, गादीवर मारो, तुमच्या पाठीवर मारो, की सोडायचं. "का मारल्या, खोट्या मारल्या का, हा विचार तुमचा नाही. थाप पडली, हात सुटले. मेंदूला कळायच्या आत." दंतवैद्य भित्रा होता, तो धरायच्या आधीच थापा मारायचा. त्यामुळे या नियमाचा छोटीला इतका सराव झाला की एकदा ऑफिसात कुणीतरी मागून पाठीवर थोपटलं आणि तिच्या हातातून कॉफीचा कप सुटला.

घरी आई विचारायची, "कुठे चाललीस गं रोज पिशवी घेऊन?"

"क्लासला."

"अगं, पण मी काय म्हणते, त्या दादाकडचं—"

"तू काळजी करू नकोस. मी आहे ना. तुला कुणी हलवत नाही इथून." आणि छोटी जिन्यात असायची.

हळूहळू जमलं. एका संध्याकाळी, ऑफिसात एका बाईचे पडदे मशीनमध्ये फाटल्याबद्दल दिवसभर ऐकून ती इतकी दमली होती की रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. ती दंतवैद्यावर नुसती सांडली. त्याने कंबर उचलली, तो वळला, तडफडला, आणि तिथेच राहिला. मास्तरीण जवळून गेली, थांबली, म्हणाली, "हं. आता काहीतरी बोलून दाखवा. धाप न लागता."

छोटीला काय बोलावं सुचेना. ती म्हणाली, "तुमचा त्रास मी समजू शकते."

"खरंच?" खालून दंतवैद्य म्हणाला.

उन्हाळा संपला. दादाचा फोन आला. "रविवारी येतो. आईचं सामान बांधून ठेव."

"मी बांधणार नाही."

"बरं, मी बांधतो. चल, ठेवतो." आणि ठेवला.

रविवारी तो आला. आईची ट्रंक त्याने स्वतः खोलीतून ओढत दारापर्यंत आणली आणि तेवढ्याने त्याची पाठ धरली. "आई गं," असं आईला नव्हे तर जगाला उद्देशून म्हणत तो सतरंजीवर उताणा झाला. आई खुर्चीत बसली होती, मांडीवर हातातली पिशवी, पायात बाहेरच्या चपला. छोटी दारात उभी होती. समोर दादा आडवा. उभ्याला आडवं करण्याचं सत्र अजून सुरूही झालं नव्हतं. ते काम नियतीने परस्पर उरकून दिलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "आई कुठेही जाणार नाहीये."

"आता परत सुरू नको करूस हां, छोटे." त्याचे तळवे गुडघ्यांच्या शोधात निघाले. "चला—"

ते गुडघ्यांपर्यंत पोचले नाहीत. छोटी त्याच्या कुशीला टेकली होती, हात मानेखालून गेला होता, बाही काखेत बंद झाली होती, आणि सत्तेचाळीस वर्षांचं शेंडेफळ त्याच्या छातीवर ओल्या गादीसारखं पसरलं होतं.

"हे काय?" दादा म्हणाला. "अगं ए! वेड लागलं का? आई, बघ ही काय करतेय!"

"त्या टेबलाचा कोपरा लागेल त्याच्या डोक्याला," आई म्हणाली. "जरा इकडे सरका दोघं."

छोटीने त्याला जरासं इकडे सरकवलं आणि सुरुवात केली. "दादा, मला तुला एवढंच सांगायचंय, की बाबा गेले तेव्हा तू तेराव्या दिवशी म्हणालास, 'महिनाभर छोटीकडे राहू दे, मग मी बघतो.' तो महिना—"

"बरं बरं, असू दे," दादा म्हणाला, आणि लहानपणापासून जसं करायचा तसं मोकळ्या हाताने त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. दोनदा.

छोटीचे हात सुटले.

मेंदूला कळायच्या आत सुटले. दादा कुशीवर वळला, उठला, शर्ट झाडला. छोटी सतरंजीवर बसून आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली; हातांनी तिच्या देखत तिचा घात केला होता. अंगातलं सगळं रक्त उकळून कानांत आलं. दाढा एकमेकींवर घासल्याचा आवाज खोलीभर झाला. आता तो किल्ली काढणार. फिरवणार. जाणार.

दादाने किल्ली काढली. पण फिरवली नाही. तो छोटीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्याला लागलं होतं. पाठीला नव्हे.

"मी बेसावध होतो," तो म्हणाला.

"काय?"

"बेसावध होतो म्हणून धरलंस. एरवी काय बिशाद तुझी! शाळेत मी कुस्तीच्या संघात होतो, विसरलीस?"

"राखीव होतास," खुर्चीतून आई म्हणाली.

"आई, तू गप्प बस. हे बघ छोटे, आता मी सावध आहे. धर." आणि दादाने किल्ली ट्रंकेवर ठेवली, बाह्या वर केल्या, आणि आपल्या पायांनी येऊन, आपल्या मर्जीने, सतरंजीवर उताणा पडला. "धर ना! कसं उठत नाही ते बघतो."

छोटीने एक दीर्घ श्वास घेतला आणि धरलं.

दादाने लगेच कंबर उचलली, आणि ती जवळजवळ गेलीच. रागाने तिची पाठ फळीसारखी झाली होती. कानात मास्तरीण म्हणाली, टेबल. छोटीने खांदे सोडले, पोट सोडलं, जबडा सोडला. जबडा सोडणं सगळ्यांत अवघड होतं. तिने डोकं खाली घातलं, त्याचं डोकं दंडाने गुंडाळून आपल्या बरगडीशी गच्च धरलं, आणि बोलायला लागली.

"महिनाभर म्हणालास. त्या महिन्याची वर्षं झाली आणि मी एकदाही 'ने' म्हटलं नाही."

दादा डावीकडे वळायला बघत होता. ती त्याच्यामागोमाग सांडली.

"आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, 'मीटिंगमध्ये आहे.' मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर एकटी उभी होते. मला निर्णय घ्यायला सांगत होते आणि मला सह्या कुठे करायच्या तेही दिसत नव्हतं, कारण मी चष्मा घरी विसरले होते, कारण मी—" इथे आवाज चढला, पाठ ताठली, दादाने तेवढ्यात हिसका दिला, आणि तिचा एक पाय हवेत गेला. तिने पाय खाली आणला. आवाजही खाली आणला. त्याला इलाज नव्हता. रागावलं की तो सुटत होता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच तिने आपला सगळा संताप, एकेक करून, गिऱ्हाइकाला हप्ते समजावून सांगावेत तशा आवाजात सांगितला. नवरा गेला तेव्हा दादा म्हणाला होता, 'तुझाही स्वभाव आहेच,' ते सांगितलं. बाबांचं घड्याळ त्याने न विचारता नेलं ते सांगितलं. रात्री आई पडली तेव्हा तिला एकटीने उचलताना आपल्याच पाठीत काय झालं, आणि तरी आपण कधी सतरंजीवर पडून चहा मागितला नाही, ते सांगितलं. वहिनीला काहीही म्हणायचं नाही असं सांगून मग वहिनीबद्दल म्हटलं. आणि शेवटी म्हणाली, "आणि आता ती धडधाकट झाली, हसायला-बोलायला लागली, दुपारी पत्ते खेळायला लागली, आता तू येऊन म्हणतोस 'ठरलंय.' मला एकदा विचारलं असतंस, दादा. नुसतं विचारलं असतंस, 'छोटे, नेऊ का?' मी कदाचित हो सुद्धा म्हटलं असतं. पण तू विचारलं नाहीस. कधीच कुणी विचारलं नाही. मला या घरात कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. झालं."

झालं. सगळी वाक्यं पुरी झाली होती. शेवटचं क्रियापद खोलीत आलं आणि जागेवर बसलं. छोटीला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटणं हे मफलरच्या पकडीत वाईट, म्हणून तिने दादाला सोडलं.

दादा उठून बसला. चेहरा टोमॅटोसारखा, केस उभे, दोन्ही कान किरमिजी. त्याने धापा आवरल्या. मग कानात करंगळी घालून हलवली.

"काय म्हणत होतीस?"

"आत्ता एवढं सगळं सांगितलं ते!" छोटी म्हणाली.

"अगं, कान दाबून ठेवले होतेस दोन्ही. एक बगलेत, एक दंडाखाली. नुसतं गुंऽऽ गुंऽऽ ऐकू येत होतं. मी 'सोड, सोड' म्हणत होतो ते तुलाही ऐकू आलं नाही ना?"

"नाही," छोटी म्हणाली.

"मग झालं तर. फिट्टंफाट." त्याने करंगळी दुसऱ्या कानात घातली. "पण मानलं हं तुला. अंगात जोर आहे. कुठे शिकलीस?"

अशा वेळी माणसाने काय करावं याचं मार्गदर्शन कुठल्याच सत्रात नव्हतं. छोटीने साक्षीदार म्हणून खुर्चीकडे पाहिलं. निदान आईने तरी ऐकलं असेल. सगळं, शब्दन् शब्द.

खुर्ची रिकामी होती. दार उघडं होतं. ट्रंक जागेवर होती, तिच्यावरची किल्ली नव्हती.

दोघं धडधडत जिना उतरले. दादा पाठ धरून, छोटी अनवाणी. गाडी वेडीवाकडी लावलेली होती. आई पुढच्या सीटवर बसली होती. मांडीवर पिशवी. पट्टा तिने स्वतःच लावला होता.

"आई!" छोटी काचेवर वाकली. "अगं, तू खाली कशाला आलीस? मी त्याला सांगितलंय सगळं. तुला जायची गरज नाहीये."

आईने काच खाली केली. "मला जायचंय."

"काय?"

"मीच म्हटलं दादाला, ने म्हणून. तुझ्या वहिनीला पत्ते येतात. तुला सांगायला गेले दहादा. मी तोंड उघडलं की तू पिशवी घेऊन जिन्यात." ती काही रागाने म्हणाली नाही, हवामान सांगावं तसं म्हणाली. "आता तुमचं दोघांचं चाललं होतं छान. म्हटलं, आपण बसावं गाडीत. ऊन व्हायच्या आत पोचू तरी."

छोटीने दादाकडे पाहिलं. "तू मला सांगितलं नाहीस. आई म्हणतेय, हे तू सांगितलं नाहीस!"

"म्हटलं ना, ठरलंय म्हणून," दादा म्हणाला, आणि ट्रंक आणायला वर गेला.

छोटीच्या कानशिलातली शीर उडायला लागली होती. अंग ताठ होत होतं, लाकडासारखं, टेबलासारखं, आणि आजूबाजूला धरायला एकही माणूस आडवा नव्हता. तिला आईला काहीतरी म्हणायचं होतं. मोठं वाक्य होतं. ती म्हणाली, "आई, तू निदान—"

"पुढच्या वेळी येशील तेव्हा बोलू," आई म्हणाली, आणि काच वर केली.

ट्रंक आली, डिकी लागली, गाडी सुरू झाली. छोटी फुटपाथवर अनवाणी उभी राहून ती जाताना बघत होती.

दादाचं नवीन घर पुढच्या चौकातून डावीकडे वळलं की दुसऱ्या इमारतीत आहे. मध्ये एक सिग्नल लागतो.